लोणारचं वय खडकांच्या चुंबकत्वातून काढता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा होता: विचारणारे भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला आहेत आणि नुकतेच लोणारला जाऊन आले. तिथे विवराचं वय ५०-५२ हजार वर्षं असल्याचं ऐकलं, घरी येऊन वाचलं तर पावणेसहा लाख वर्षांचा आकडा सापडला. मोठ्या मारुतीच्या देवळाजवळ वाटाड्याने होकायंत्राची सुई हलताना दाखवली. मग त्यांच्या मनात आलं, की खडकात चुंबकत्व आहेच, तर ते मोजून उल्का कधी पडली याचा निकाल लावता येईल का? आणि प्रबंधासाठी हा विषय घ्यावा का?

मी बरीच वर्षं पुराचुंबकत्वात (खडकांत गोठलेल्या जुन्या चुंबकीय क्षेत्राच्या अभ्यासात) काम करतो आहे, त्यातलं बहुतेक दख्खनच्या बेसाल्टवर. त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. सरळ उत्तर आधी देतो: विवराच्या काठावरचे खडक मोजून हा वाद मिटणार नाही. पण तळ्याखालच्या गाळातून तो बराच पुढे सरकू शकतो. असं का, ते नीट समजून घेतलंत तर विषय निवडताना तुमचं एक वर्ष वाया जाणार नाही.

मुळात वाद काय आहे ते पाहू. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, पूर्णपणे बेसाल्टमध्ये खोदलं गेलेलं. तो बेसाल्ट साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं जुना. आघाताच्या वेळी वितळून तयार झालेल्या काचेचं वय थर्मोल्युमिनेसन्सने (तापवल्यावर बाहेर पडणाऱ्या, काळाबरोबर साठलेल्या प्रकाशावरून) काढलं, ते १९९७ साली ५२ हजार (कमी-जास्त ६ हजार) वर्षं असं प्रसिद्ध झालं. माहितीफलकांवर आणि वर्तमानपत्रांत तोच आकडा रुजला. २०११ साली त्याच प्रकारच्या काचेवर आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने (किरणोत्सारी पोटॅशियमपासून साठत जाणारा आर्गॉन वायू मोजून) ५ लाख ७० हजार (कमी-जास्त ४७ हजार) वर्षं निघाली. पुढे २०१४ मध्ये विश्वकिरणांमुळे खडकात साठणाऱ्या बेरिलियम आणि ॲल्युमिनियमच्या समस्थानिकांवरून सुमारे साडेसदतीस हजार वर्षं हे उत्तर आलं.

या आकड्यांमधला फरक मोजणीतल्या निष्काळजीपणामुळे आलेला नाही. प्रत्येक पद्धत चुकली तर कोणत्या बाजूला चुकेल, हे तपासून बघा. ६ कोटी वर्षांच्या बेसाल्टमध्ये साठलेला आर्गॉन काच वितळताना पूर्ण निघून गेला नाही, तर काच खऱ्यापेक्षा म्हातारी दिसते. २०११ च्या कामात या जुन्या आर्गॉनची वजाबाकी विचारपूर्वक केलेली आहे, पण शंका घ्यायची तर तिथेच घ्यावी लागते. उलट थर्मोल्युमिनेसन्सचा साठलेला संकेत काळाबरोबर गळतो किंवा एका मर्यादेनंतर वाढायचा थांबतो, म्हणजे वय कमी दिसतं. विश्वकिरणांच्या पद्धतीत पृष्ठभाग झिजत राहिला किंवा मातीखाली झाकलेला असला, तरीही वय कमीच दिसतं. थोडक्यात, मोठा आकडा देणारी पद्धत चुकली तर मोठ्या बाजूला चुकते आणि लहान आकडे देणाऱ्या लहान बाजूला. अशा वेळी यांपैकी कुणाशीही नातं नसलेला तिसरा साक्षीदार हवा असतो. चुंबकत्वाकडे वळावंसं तुम्हाला वाटलं ते म्हणूनच, आणि ती दिशा योग्य आहे.

आता चुंबकत्व नेमकं काय सांगतं? बेसाल्टमध्ये टायटॅनोमॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होताना ते आपापल्या क्युरी तापमानाखाली आले (शुद्ध मॅग्नेटाइटसाठी ते ५८० अंश सेल्सियस, टायटॅनियम जास्त असेल तर बरंच कमी), की त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यांच्यात गोठते. आपण प्रयोगशाळेत मोजतो ती ही दिशा: उत्तरेपासून किती वळलेली आणि क्षितिजापासून किती खाली झुकलेली. या मोजणीतून वर्षांचा आकडा कधीच थेट बाहेर पडत नाही. किरणोत्सारी घड्याळाला ठरावीक गती असते, तशी इथे नाही. त्या दिशेचा इतिहास आधी दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने ठाऊक असावा लागतो. मग आपण म्हणतो, की ही दिशा इतिहासातल्या अमुक पानाशी जुळते. पानं जिथे एकमेकांहून वेगळी दिसतात तिथे पद्धत चालते, आणि जिथे सलग शेकडो पानं एकसारखी आहेत तिथे ती अडते.

ध्रुवतेचं पान सगळ्यांत ठळक. पृथ्वीचं क्षेत्र अनेकदा उलटलेलं आहे. शेवटचा उलटाव ७ लाख ७३ हजार वर्षांपूर्वीचा, त्यानंतर आजपर्यंतचा सरळ ध्रुवतेचा काळ म्हणजे ब्रुन्हेस. त्याआधी मातुयामा हा उलटा काळ, आणि त्यात अधूनमधून सरळ ध्रुवतेचे छोटे तुकडे. लोणारचा पेच इथेच येतो. ५२ हजार काय, ५ लाख ७० हजार काय आणि साडेसदतीस हजार काय, तिन्ही आकडे ब्रुन्हेसमध्येच बसतात. आघातात वितळलेल्या काचेची दिशा मोजली आणि ती उत्तरेकडे, खाली झुकलेली निघाली, तर त्यातून ७ लाख ७३ हजारांच्या आतली घटना या म्हणण्याला आधार मिळतो. तेवढंच. ती उलटी निघाली असती तर तिन्ही आकडे एका फटक्यात मोडीत निघाले असते. पण 'या तिघांपैकी कोणता' या प्रश्नावर ध्रुवता गप्प आहे.

दुसरं पान भारताच्या सरकण्याचं. दख्खनचा लाव्हा वाहत होता तेव्हा आपला भूभाग दक्षिण गोलार्धात, साधारण ३० अक्षांशांच्या आसपास होता. दख्खनचा पुष्कळसा बेसाल्ट उलट्या ध्रुवतेच्या काळात थंड झाला, त्यामुळे त्यात गोठलेली दिशा दक्षिण-आग्नेयेकडे आणि चाळीस-पन्नास अंश खाली झुकलेली मिळते. आजच्या लोणारसाठी दीर्घकालीन सरासरी दिशा उत्तरेकडे आणि ३६ अंश खाली. या दोन दिशा कुणीही सहज वेगळ्या ओळखेल. १९५० च्या दशकात दख्खनच्या खडकांवरून भारत उत्तरेकडे सरकला हे दाखवता आलं, ते याच मोठ्या फरकामुळे. पण लोणारच्या वयासाठी हिशोब करून बघा. सरकण्याचा वेग वर्षाला ५ सेंटिमीटर धरला, तर ५ लाख ७० हजार वर्षांत अंतर होतं साडेअठ्ठावीस किलोमीटर, म्हणजे अक्षांशाचा जेमतेम पाव अंश. नतीत, म्हणजे क्षितिजाखालच्या झुकावात, पडणारा फरक अर्ध्या अंशाहूनही कमी. चांगल्यातल्या चांगल्या साइटवर आमची अनिश्चितता तीन-चार अंशांची असते, आणि क्षेत्र स्वतःच शतकानुशतकं दहा-पंधरा अंशांत डोलत असतं. त्यामुळे हाही मार्ग बंद. ६ कोटी वर्षांच्या प्रवासासाठी जे साधन उत्तम, ते ५ लाखांसाठी निरुपयोगी ठरतं.

हे वाचून चुंबकत्वावरून विवरांचं वय काढताच येत नाही असं वाटेल. तसं नाही. परिस्थिती जुळून आली की पद्धत फार देखणं काम करते. मेक्सिकोतल्या चिक्शुलुब विवराची वितळलेली शिळा उलट्या ध्रुवतेत थंड झाली आहे. डायनासोरांच्या अस्ताची सीमारेषाही जगभरच्या गाळथरांत २९-आर या उलट्या कालखंडात येते, आणि हा कालखंड साधारण सहा-सात लाख वर्षांचाच आहे. आर्गॉनचं वय आणि ध्रुवता दोन्ही एकाच जागी बोट ठेवतात, त्यामुळे पुरावा भक्कम होतो. दख्खनचा मोठा भागही याच २९-आर मध्ये वाहिलेला आहे, म्हणून आम्हा दख्खनवाल्यांना हा कालखंड घरच्यासारखा.

जर्मनीतलं रीस विवर तर पाठ्यपुस्तकातलं उदाहरण म्हणावं असं. ते २४ किलोमीटर व्यासाचं, सुमारे १ कोटी ४८ लाख वर्षं जुनं, आणि नॉर्डलिंगन हे गाव त्याच्या आत वसलेलं. तिथे स्वेवाइट नावाचा काचमिश्रित खडक मॅग्नेटाइटच्या क्युरी तापमानाहूनही गरम असताना खाली बसला आणि बसल्या जागी थंड झाला. त्यामुळे आघातानंतरच्या क्षेत्राची दिशा त्यात स्वच्छ नोंदली गेली, तीही उलटी. ती इतकी ठळक आहे, की वरून केलेल्या चुंबकीय सर्वेक्षणातही तिथे क्षेत्र उणं दिसतं.

मला सगळ्यांत जास्त आवडतं ते समुद्रतळाच्या गाळातलं काम. घानातल्या बोसुम्त्वी विवरातून (१०.५ किलोमीटर, १० लाख ७० हजार वर्षं) उडालेले काचेचे सूक्ष्म मणी अटलांटिकच्या तळाशी गाळात सापडतात. ते हारामियो या छोट्या सरळ कालखंडाच्या सुरुवातीच्या किंचित वरच्या बाजूला आहेत. आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडच्या टेक्टाइटचे (आघातात वितळून दूर उडालेल्या काचेचे) मणी ब्रुन्हेस-मातुयामा सीमेच्या थोडे खाली मिळतात, म्हणजे आघात उलटावाच्या काही हजार वर्षं आधीचा. त्या आघाताचं विवर अजून खात्रीने सापडलेलं नाही, तरी त्याची वेळ मात्र या थरांवरून पक्की आहे. गाळ थरावर थर साठत जातो आणि प्रत्येक थर आपल्या वेळची दिशा टिपतो, त्यामुळे उलटाव आणि आघात एकाच उभ्या पट्टीवर वाचता येतात. लोणारसाठी मी गाळाकडे बोट का दाखवतो, ते यावरून लक्षात येईल.

त्याआधी काठावरच्या खडकांबद्दल थोडं, कारण सॅम्पल काढायला तुम्ही पहिल्यांदा तिथेच जाल. विवराच्या वयासाठी चुंबकत्व वापरायचं तर ते आघाताच्या क्षणी मिळालेलं असलं पाहिजे. काठावरचा बेसाल्ट उचलला गेला, वाकला, काही ठिकाणी थर उलथे झाले, पण तो तापून क्युरी तापमानावर गेला नाही. त्यामुळे त्याच्यात दख्खनचं मूळ, चिवट चुंबकत्व तसंच आहे. सोबत एक मऊ घटक असतो, तो थोड्याशा उष्णतेने किंवा कमी ताकदीच्या एसी (उलटसुलट बदलणाऱ्या) चुंबकीय क्षेत्रानेच पुसला जातो आणि त्याची दिशा बहुधा आजच्या क्षेत्राकडे झुकलेली असते. बाहेर फेकल्या गेलेल्या मलब्यातल्या धोंड्यांमध्ये हे सुरेख दिसतं. शेजारशेजारच्या दहा धोंड्यांतली मूळ दिशा दहा बाजूंना विखुरलेली, कारण धोंडे गडगडत येऊन पडले. मऊ घटक मात्र दहाही धोंड्यांत एकाच बाजूला. म्हणजे चिवट घटक आघाताआधीचा आणि मऊ घटक पडल्यानंतरचा. धोंडे गरमागरम पडले असते तर चिवट घटकही एका ओळीत आला असता. लोणारला ते थंडच पडले.

खऱ्या अर्थाने तापलेली म्हणजे काच. पण लोणारची काच लहान मण्यांच्या आणि वेड्यावाकड्या गोळ्यांच्या रूपात मिळते. हवेत फिरत थंड झालेल्या, नंतर पावसाच्या पाण्याने हललेल्या मण्याची मूळ उत्तर कोणती हे सांगता येत नाही. रीसला जागेवर बसलेला जाड गरम थर आहे, लोणारला तसा हाती लागत नाही. दोन्ही विवरांच्या नोंदींत फरक पडतो तो इथे.

'आघाताच्या धक्क्याने चुंबकत्व बदलतं ना?' असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. बदलतं. दाबाच्या लाटेने कमी चिवट कण पुसले जातात आणि त्या क्षणीच्या क्षेत्रात पुन्हा रंगतात, याला धक्काजन्य चुंबकत्व म्हणतात. सत्तरच्या दशकापासून लोणारच्या खडकांवर याचा अभ्यास झालेला आहे. अडचण अशी, की धक्क्याने मिळालेला मऊ घटक आणि नंतर हळूहळू चढलेला मऊ घटक एकाच मापात येतात आणि लोणारला दोघांची दिशाही जवळपास तीच. त्यांना वेगळं करणं फार जिकिरीचं.

आता तो हळूहळू चढणारा घटक. पुष्कळ हुशार विद्यार्थी इथवर पोचतात आणि म्हणतात: धोंडा पडल्यापासून त्याच्यात नवं चुंबकत्व मुरत गेलं, जितका काळ जास्त तितकं ते खोल, मग त्याचीच खोली मोजून वय काढू. कल्पना खरोखर चांगली आहे. तिच्यामागे लुई नेएल या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाचा सिद्धांत आहे, आणि त्सुनामीने किनाऱ्यावर फेकलेल्या धोंड्यांवर जपानमध्ये ती वापरलीही गेली आहे. धोंडा पायरीपायरीने तापवायचा, मुरलेला घटक किती अंशांवर पूर्ण पुसला जातो ते पाहायचं आणि त्यावरून काळ काढायचा.

लोणारसाठी मी हा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहा म्हणतो, यंत्राला हात लावायच्या आधी. शुद्ध मॅग्नेटाइटचे एकक्षेत्री (सगळा कण एकाच दिशेने चुंबकित असलेले, अगदी बारीक) कण, खडकाचं सरासरी तापमान २७ अंश आणि ओव्हनमध्ये प्रत्येक पायरी पंधरा-वीस मिनिटांची धरली, तर ५० हजार वर्षांत मुरलेला घटक साधारण १४५ अंशांवर पुसला जावा. ५ लाख ७० हजार वर्षांत मुरलेला साधारण १५५ वर. अकरा पट काळ, आणि फरक फक्त दहा अंशांचा, कारण काळ या समीकरणात लॉगरिदमच्या आत बसलेला आहे. आता खडकाचं तापमान २७ ऐवजी ३७ अंश धरा. ५० हजार वर्षांचाच घटक १५५ वर पुसला जाईल. म्हणजे बुलढाण्याच्या उन्हाळ्यात उघड्यावर तापणाऱ्या काळ्या धोंड्याचं दीर्घकालीन तापमान दहा अंशांनी इकडेतिकडे झालं, की दोन्ही वयं एकमेकांत मिसळली. शिवाय बेसाल्टमध्ये शुद्ध मॅग्नेटाइट नसतो, सगळे कण एकक्षेत्री नसतात, ओव्हनच्या दोन टोकांत काही अंशांचा फरक असतो. शे-दोनशे वर्षं आणि दहा हजार वर्षं यांतला फरक ही पद्धत दाखवू शकेल. ५० हजार आणि ५ लाखांतला नाही. हे आकडे माझ्या ढोबळ हिशोबाचे आहेत. तुम्ही स्वतः करून पाहा, गृहीतकं बदलून पाहा. निष्कर्ष हलणार नाही असं मला वाटतं.

उरतो गाळ. विवर झालं, त्यात पाणी साठलं आणि त्या दिवसापासून काठावरची माती वाहून तळाशी बसू लागली. सत्तरच्या दशकातल्या बोअरिंगमध्ये तळ्याखाली जवळपास १०० मीटर गाळ आणि त्याखाली फुटलेल्या खडकांचा थर लागला. विवर गाळाहून जुनंच असणार. त्यामुळे सगळ्यांत खालच्या गाळाचं वय ही विवराच्या वयाची खालची मर्यादा, आणि बहुधा खऱ्या वयाच्या अगदी जवळची.

गाळ साठण्याच्या वेगावरून काय दिसतं? तळ्यातल्या सुमारे १० मीटरच्या कोअरमध्ये (नळीने उभ्या काढलेल्या गाळाच्या नमुन्यात) गेल्या साधारण ११ हजार वर्षांची पावसाळ्यांची नोंद मिळाली आहे. म्हणजे वर्षाला एक मिलिमीटरहून थोडं कमी. हाच वेग १०० मीटरना लावला तर १ लाख १० हजार वर्षं होतात, ना ५२ हजार ना ५ लाख ७० हजार. पण या आकड्यावर विसंबू नका. खालचा गाळ दाबला जाऊन पातळ झालेला असतो, म्हणजे काळ वाढतो. उलट विवर ताजं असताना काठ उंच आणि मलबा सुटा होता, तेव्हा गाळ भराभर आला असणार, म्हणजे काळ कमी होतो. मधे तळं आटून गाळ साठणं थांबलंही असेल. ५२ हजारांसाठी सरासरी वेग वर्षाला दोन मिलिमीटर लागतो, ५ लाख ७० हजारांसाठी ०.१७ मिलिमीटर. दोन्ही अशक्य नाहीत. कार्बन-१४ ची मजल ५० हजारांच्या आसपास संपते, म्हणजे नेमका जिथून वाद सुरू होतो तिथे ते हात टेकतं.

इथे चुंबकत्वाला खरं काम आहे. ब्रुन्हेस 'सरळ' आहे असं म्हटलं तरी तो सपाट नाही. मधूनमधून क्षेत्र दुबळं होऊन काही शतकं-सहस्रकं भरकटलं आणि परत जागेवर आलं. याला आम्ही एक्स्कर्शन म्हणतो. त्यांतलं लाशां सुमारे ४१ हजार वर्षांपूर्वीचं, ब्लेक त्याहून बरंच जुनं, १ लाख १५-२० हजारांच्या आसपासचं. लोणारच्या खालच्या गाळात लाशां सापडलं, तर साडेसदतीस हजारांचा आकडा मागे पडतो. त्याखाली ब्लेकही सापडलं, तर ५२ हजार बाद होतात आणि आर्गॉनच्या बाजूचं पारडं जड होतं. तळापर्यंत सलग गाळ मिळूनही ब्लेकचा मागमूस नसेल, तर तो निर्णायक नाही, पण तरुण वयाच्या बाजूने वजन टाकेल. वर्षाला एक मिलिमीटर वेगाने हजार वर्षांचं एक्स्कर्शन मीटरभर जाडीत पसरलेलं असेल, दोन-दोन सेंटिमीटरवर सॅम्पल घेतली तर निसटायचं कारण नाही. ०.१७ मिलिमीटर वेग असेल तर तेच १७ सेंटिमीटरमध्ये दबलेलं असेल, मग मात्र फार बारकाईने बघावं लागेल.

अडचणी सांगितल्याशिवाय तुम्हाला या वाटेला लावणं बरोबर नाही. लोणारचं पाणी खारट आणि अल्कधर्मी, तळाशी प्राणवायू नाही, चिखलाला सल्फाइडचा वास. अशा चिखलात मॅग्नेटाइटचे बारीक कण विरघळतात आणि ग्रेगाइटसारखी लोह-सल्फाइडं नव्याने तयार होतात. तीही चुंबकीय असतात, पण त्यांच्यात नोंदलेली दिशा ती तयार झाली त्या वेळची, गाळ बसला त्या वेळची नव्हे. म्हणून दिशा मोजण्याआधी त्या थरात कोणतं खनिज दिशा वाहून नेतं आहे हे ठरवावं लागतं: तापमानाबरोबर ससेप्टिबिलिटी (बाहेरच्या क्षेत्रात खडक किती सहज चुंबकित होतो ते माप) कशी बदलते, संपृक्त चुंबकत्व किती क्षेत्राला येतं, हिस्टेरेसिस कसा दिसतो. खडकांच्या चुंबकत्वाची ही बाजू विद्यार्थ्यांना कंटाळवाणी वाटते, आणि खरं तर सगळा डोलारा तिच्यावरच उभा असतो. दुसरी अडचण कोअरची. तळापर्यंतचा न तुटलेला कोअर काढणं एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी संस्थांनी एकत्र यावं लागेल आणि पैसा लागेल. वयाचा प्रश्न इतका गाजलेला असताना आणि उत्तर तिथे चिखलात पडलेलं असण्याची शक्यता असताना हे व्हायला हवं, असं माझं मनापासूनचं मत आहे.

होकायंत्राच्या सुईबद्दल. मोठ्या मारुतीची मूर्ती मी मोजलेली नाही आणि कुणी मोजण्यासाठी तिला हात लावू नये. पण सुई हलली म्हणजे जवळ उल्केचा तुकडा आहे असं होत नाही. दख्खनचा कुठलाही बेसाल्ट सुई हलवू शकतो. उघड्या माळावर वीज पडलेली जागा तर होकायंत्राला पुरतं भांबावून टाकते, कारण विजेच्या प्रवाहाने खडक प्रचंड ताकदीने चुंबकित होतो. सह्याद्रीच्या पठारांवर काम करताना अशा जागा नेहमी भेटतात, आणि त्या सॅम्पलमधून टाळाव्याच लागतात.

प्रबंधासाठी मी काय सुचवेन? 'लोणारचं वय' हे शीर्षक घेऊ नका. काठावर वेगवेगळ्या दिशांना थर किती अंशांनी उचलले गेले हे मूळ दख्खन घटकाच्या दिशेवरून काढता येतं, आणि उल्का कोणत्या बाजूने आली या चर्चेत त्याचा उपयोग होतो. खडकांच्या ससेप्टिबिलिटीच्या दिशाभेदावरून अशी कामं लोणारला झालेली आहेत, ती आधी वाचा. किंवा तळ्याच्या वरच्या गाळातली चुंबकीय खनिजं खोलीनुसार कशी बदलतात यावर काम करा. आधी उपलब्ध असलेल्या कोअरचे तुकडे मिळतात का ते विचारा. उद्या कुणी तळापर्यंतचा कोअर काढला, तर त्यातली दिशा कुठे विश्वासार्ह आहे हे सांगणारं काम तुमचंच असेल. मोजणीसाठी पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्थेत किंवा हैदराबादला राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत (एनजीआरआय) विचारा. तिथे पत्र लिहिताना किती सॅम्पल, कोणत्या पायऱ्या, कोणता प्रश्न हे एका पानात स्पष्ट लिहा. असं पत्र आलं तर लोक वेळ देतात.

लोणार अभयारण्य आहे, त्यामुळे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक खडाही उचलू नका. परवानगी मिळाल्यावर कोअर ड्रिल कराल तेव्हा दिशा साध्या होकायंत्राने घेऊ नका, बेसाल्ट तिला फसवतो. सूर्य-होकायंत्र वापरा, प्रत्येक कोअरजवळ सावलीचा कोन आणि घड्याळातली वेळ मिनिटापर्यंत लिहा, अक्षांश-रेखांश नोंदवा आणि वरच्या बाजूची खूण कोअर खडकातून सुटा करण्याआधीच करा. ढगाळ दिवशी काम पुढे ढकललेलं बरं.